सिरीजचा बल्ब

लेखातला 'दिनकर' म्हणजे आपणच, हे ढुंढिराजला तिसऱ्या पानावर कळलं, आणि पुढचं पान उलटलं तेव्हा कळलं की दिनकर म्हणजे रावजीसुद्धा. चहाचा कप हातात होता तो हातातच राहिला. आधी त्याला वाटलं, आपली ओळ चुकली. चष्मा सदऱ्याला पुसून त्याने परत वाचलं. 'नाशिकमधील एक निवृत्त हौशी दुरुस्तीकार, ज्याला आपण इथे दिनकर म्हणू.' हा दिनकर एका परिच्छेदात म्हणत होता, "वाजला म्हणजे झालं. खालून कोण बघतंय?" हे वाक्य ढुंढिराजचं. रविवारमागून रविवार, रेडिओचा सांगाडा उलटा टाकून, त्याच्या पोटाकडे हात करत म्हटलेलं. आणि तोच दिनकर पुढच्या परिच्छेदात म्हणत होता, "पुढं जो उघडंल तो बघंल ना? त्याला काय वाटंल?" हे रावजीचं. त्यातल्या 'उघडंल'सकट रावजी भोयेचं. दोन्ही वाक्यं एकाच माणसाच्या तोंडी घातलेली, आणि खाली टिप्पणी: 'दिनकरच्या मनातील हे द्वंद्व दुरुस्तीच्या कृतीतच अंतर्भूत आहे. चालू करणे आणि जपणे या दोन प्रेरणा त्याच्या ठायी सतत झुंजत असतात.' झुंजत असतात म्हणे! झुंजत होती ती दोन धडधाकट माणसं होती. एक खुर्चीवर, एक स्टुलावर, मध्ये उघडा पडलेला रेडिओ, आणि आवाज असा की खालच्या मजल्यावरून एकदा निरोप आला होता, काका, सगळं ठीक आहे ना म्हणून. ते झुंजणं बंद होऊन वर्ष होत आलं, कारण त्यातला एक मेला. आता तो या त्रैमासिकात दुसऱ्यांदा मेला, आणि या वेळी ढुंढिराजच्या आत ढकलून मारला.

इंदिरा समोर मेथी निवडत बसली होती. मान वर न करता तिने विचारलं, "काय झालं?"

"मला आणि रावजीला एक केलंय."

"म्हणजे?"

"म्हणजे एक. एकच माणूस. नाव दिनकर."

"पण लिहिलंय बरं ना? मी वाचलं मघाशी पहिलं पान. मला आवडलं. हळुवार लिहिते यशश्री."

हळुवार या शब्दाने त्याचं डोकं आणखीच फिरलं. तो उठला, अंक काखेत मारून बाल्कनीत गेला आणि सरकतं दार मागे ओढून घेतलं. ही बाल्कनी त्याने निवृत्त झाल्या झाल्या काचा लावून बंद करून घेतली होती. गंगापूर रोडच्या या सोसायटीत बाकीच्यांनी बाल्कन्यांत झोपाळे टांगले, तुळशी ठेवल्या. याने टेबल टाकलं, भिंतीला फळ्या ठोकल्या आणि फळ्यांवर रेडिओ चढवले, व्हॉल्व्हचे, ट्रान्झिस्टरच्या आधीचे, जड, लाकडी. बँकेत असताना त्याने आयुष्यभर दुसऱ्यांच्या सह्या जुळवल्या. इथे मात्र तो स्वतःचा मालक होता. खोलीला रेझिनचा, मेणाचा आणि गरम झालेल्या धुळीचा वास होता. इंदिरा त्याला जुन्या देवळाचा वास म्हणायची. आज त्याला ते आठवलं आणि तिचाही राग आला. यांना सगळ्यांना देऊळच कसं आठवतं?

कारण लेखात तेही होतं. लेखात दिवा होता. हे त्याने कप खाली ठेवल्यावर, उभ्यानेच वाचलं. 'काम सुरू करण्यापूर्वी दिनकर एक दिवा लावतो. दिवा प्रखर होतो, मग मंदावतो, आणि तो मंदावेपर्यंत दिनकर एक शब्दही बोलत नाही. यंत्राशी संवाद सुरू होण्याआधीचे हे मौन, हा प्रकाश, एका लौकिक पूजाविधीची आठवण करून देतात.' ढुंढिराज मोठ्याने हसला. ते हसणं त्याचं त्यालाच चांगलं वाटलं नाही. अगं बाई, तो सिरीजचा बल्ब! जुना रेडिओ कोणी थेट प्लगात घालत नाही. मध्ये एक शंभरचा पिवळा बल्ब ठेवतात. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब भगभगून पेटतो, सगळी वीज तो खातो आणि रेडिओ जळायचा वाचतो. सगळं ठीक असेल तर बल्ब क्षणभर पेटतो आणि मंदावतो. एवढंच. गल्लीतला कुठलाही इलेक्ट्रिशियन हे करतो, त्याला कोणी पुजारी म्हणत नाही. आणि बोलत नाही कारण वास घेत असतो. जळकट वास येतोय का, काही तडतडतंय का, ते ऐकत असतो. मौन कसलं डोंबलाचं!

यशश्रीने याआधीही काही लेख पाठवले होते, स्वतःचे नव्हेत, तिच्या क्षेत्रातले, इंग्रजी. त्याने ते इमानाने वाचले होते, शब्दकोश जवळ घेऊन. मोडलेपणावर लिहिलेलं, दुरुस्ती म्हणजे काळजी, दुरुस्ती म्हणजे बाजाराला दिलेला नकार, दुरुस्ती म्हणजे जगाच्या दक्षिणेने, म्हणजे गरीब देशांनी, उत्तरेला दिलेलं उत्तर. एका लेखात तर रेडिओ दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या बोटांवर दोन पानं होती. सगळे लेख वाचून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं होतं की त्यात कुठेही काहीही दुरुस्त झालेलं नाही. कोणाला शॉक बसत नाही. कोणाचा व्हॉल्व्ह हातातून पडून फुटत नाही. बिघाड काय होता, हे कोणी सांगतच नाही. म्हणजे डॉक्टरच्या डोळ्यांतल्या करुणेवर पानंच्या पानं लिहायची आणि रोग्याला ताप किती होता ते लिहायचं नाही. हे त्याने तेव्हा रावजीला बोलून दाखवलं होतं. रावजी स्टुलावर बसून रेडिओतल्या वीज साठवणाऱ्या पेपर कंडेन्सरच्या टोकाचं मेण खरवडत होता. तो म्हणाला, "अरे, त्यांला लिहू दे ना. त्यांचं काम लिहायचं हाय." आणि ढुंढिराज भडकला होता, "मास्तर, तुला राग येत नाही हेच तुझं चुकतं." रावजी हसला. त्याला राग येत नसे असं नाही. त्याचे राग वेगळे होते. त्याला उघड्या, नव्या वायरींचा राग यायचा.

रावजी हरसूलकडचा. आश्रमशाळेत शिकला, पंचवटीतल्या एका हायस्कुलात तीस वर्षं विज्ञान शिकवलं, आणि मुलांना रेडिओ दाखवायचा म्हणून रेडिओत शिरला तो तिथेच राहिला. दोघांची गाठ पडली ती देवळाली कॅम्पच्या बाजारात. एक लष्करी कुटुंब बदली होऊन निघालं होतं, त्यांचं सामान एका भंगारवाल्याकडे आलेलं. त्यात एक रेडिओ होता, मोठा, अक्रोडाच्या लाकडाचा, काचेच्या डायलवर शहरांची नावं असलेला. ढुंढिराजने एका बाजूने हात ठेवला, तेव्हा दुसऱ्या बाजूला एक काळासावळा, इस्त्रीच्या शर्टातला माणूस आधीच हात ठेवून उभा होता. दोघांनीही हात काढला नाही. भंगारवाला म्हणाला, आता तुमचं तुम्ही बघा. मग दोघांनी मिळून घेतला. ढुंढिराजच्या स्कूटरवर मागे बसून, मांडीवर रेडिओ धरून रावजी आला, आणि त्याच संध्याकाळी पहिलं भांडण झालं. ढुंढिराजचं म्हणणं, जुने कंडेन्सर मेलेले असतात, सगळे कापून टाका, नवे पिवळे बसवा, अर्ध्या तासात वाजेल. रावजीचं म्हणणं, नाही. जुन्या कंडेन्सरची पुठ्ठ्याची नळी आणि तिच्यावरचं छापलेलं नाव राहिलं पाहिजे. तिच्या आतलं सडलेलं गरम करून ढकलून काढायचं, नवा बारीक कंडेन्सर आत सरकवायचा, दोन्ही टोकांना मेण ओतायचं. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, कोणी हातच लावलेला नाही.

"हे सोंग झालं," ढुंढिराज म्हणाला होता.

"सोंग नाय. ज्यानं पहिल्यांदा बसवला त्याचा मान झाला."

"आणि पुढच्याने उघडला तर त्याला काय कळणार, आतलं बदललंय म्हणून? फसेल तो."

"फसू दे की. जुना समजून जरा हळू हात लावंल."

"पुढचा कोणी येणार नाहीये, मास्तर. ही विद्या आपल्याबरोबर जाणार. आपण शेवटचे."

"ते तू बँकेत शिकला असशील," रावजी म्हणाला होता, "शेवटचं-शेवटचं."

त्यावर एकमत झालं नाही, म्हणून तो सेट बाजूला ठेवला. ज्याच्यावर एकमत नाही तो नंतर. मग दुसरे आले, दिंडोरीच्या मळ्यांतून, कॅम्पच्या बंगल्यांतून, लोकांच्या माळ्यांवरून. काही याच्या पद्धतीने झाले, काही त्याच्या. एका वाइनरीवाल्याला तर मेलेलेच रेडिओ हवे होते, गिऱ्हाइकांच्या टेबलांमागे मांडायला. त्याला दोघांनी मिळून हाकललं. तेवढ्यावर मात्र चटकन एकमत झालं. पहिला सेट तसाच फळीवर राहिला. दर दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी त्याच्याकडे बोट करायचं, की झालं सुरू. इतक्या वर्षांत त्या भांडणाला एक चव आली होती. मुरलेल्या लोणच्यासारखं ते थोडं थोडं काढून वाढायचं आणि बरणी परत बांधून ठेवायची.

यशश्री आली ती या भांडणात. ढुंढिराजच्या बँकेतल्या मित्राची मुलगी, बाहेरगावच्या विद्यापीठात संशोधन करत होती. रविवारी यायची, स्टूल नाही म्हणून पालथ्या बादलीवर बसायची, इंदिराचे पोहे खायची, विजेरी धरायला सांगितली तर नेमकी धरायची. नेमकी धरणं सोपं नसतं. बहुतेक लोक दुरुस्ती बघता बघता उजेड स्वतःच्या नजरेकडे नेतात. ती पोरगी त्याला आवडली होती. तेच आता अंगाला झोंबत होतं. कोणा परक्याने लिहिलं असतं तर त्याने अंक रद्दीत टाकला असता. पण हिने ते भांडण कानांनी ऐकलं होतं. हिला माहीत होतं, कोण कुठे बसतो, कोणाच्या चहात साखर नसते, कोण कोणाला साहेब म्हणतो आणि तरी अरे-तुरे करतो. आणि एवढं सगळं ऐकून, रेकॉर्ड करून, लिहून घेऊन हिने काय केलं? दोघांना कुस्करून एक लाडू वळला.

त्याने फोन लावला. ती लगेच बोलली, आवाजात हसू होतं. "काका! मिळाला का अंक?"

"यशश्री, दिनकर कोण?"

पलीकडचं हसू थांबलं. "काका, त्याला संमिश्र पात्र म्हणतात. आमच्यात करतात तसं. माणसांची ओळख झाकायला दोन-तीन जणांचं मिळून एक."

"ओळख झाकायला? कोणापासून? आम्ही काय चोऱ्या केल्यात?"

"तसं नाही हो..."

"तू माझं वाक्य आणि त्याचं वाक्य एका तोंडात घातलंस. आणि वर म्हणतेस द्वंद्व. माझ्या मनात कसलंही द्वंद्व नाहीये. मी जन्मात कधी नळीत कंडेन्सर भरला नाही. मला ते पटतच नव्हतं! ते रावजीचं होतं. त्याचं एवढं एकच होतं, जे तो सोडत नव्हता. आणि तू ते मला देऊन टाकलंस. तो कुठे गेला मग? कुठल्या पानावर आहे तो?"

ती म्हणाली, "काका, पुस्तक करतेय मी याचं. त्यात वेगळं करता येईल. कोणतं वाक्य कोणाचं तेवढं तुम्ही सांगा, मी दोन माणसं करते. रावजीकाकांच्या घरी चिमणाकाकू हो म्हणाल्या तर त्यांचं खरं नावही घालते."

"कर. आजच सांगतो."

"पण एक सांगू का? रागावू नका." तिचा आवाज खाली आला. "हे रावजीकाकांनीच सांगितलं होतं मला. शेवटी मी त्यांना भेटायला गेले होते घरी. मी विचारलं, कोणाचं काय ते लेखात कसं दाखवू. तर म्हणाले, 'आमचं दोघांचं एकच धर, पोरी. वेगळं नको काढत बसू.'"

"खोटं."

"काका..."

"तो असं म्हणणारच नाही. इतकी वर्षं तो माझ्याशी एका नळीसाठी भांडला. तो असं म्हणेल?"

"रेकॉर्डिंग आहे माझ्याकडे. पाठवू?"

ढुंढिराजने फोन कानापासून दूर धरला. वर्षभरात त्याने रावजीचा आवाज ऐकला नव्हता. कुणाच्या तरी फोनमध्ये तो असेल, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. "नको," तो म्हणाला. "मुळीच पाठवू नकोस." आणि फोन ठेवून दिला. नीट ठेवला नाही, टेबलावर आपटला, आणि टेबलावरच्या डबीतले स्क्रू सांडले.

तो सगळ्यांवर चिडला होता. पोरीवर तर होताच. त्रैमासिकाच्या संपादकावर, ज्याने हे वाचून छापलं, आणि ज्याने उभ्या आयुष्यात कधी पेचकस धरला नसेल. इंदिरावर, दाराच्या काचेतून दोनदा डोकावून गेली म्हणून. आणि आता, नवलच, रावजीवर. तो असं म्हणाला असेल? आजारी माणूस काहीही बोलतो. कदाचित पोरीला बरं वाटावं म्हणून बोलला असेल. रावजीला लोकांना बरं वाटायला लावायची खोड होती. शिक्षक ना. वर्गातला ढ मुलगा चुकीचं उत्तर द्यायचा, तर हा म्हणायचा, जवळ आलास. तसाच म्हणाला असेल, एकच धर. पण मग आपण कोण? इतके रविवार आपण कोणाशी बोलत होतो?

समोरच्या फळीवर तो अक्रोडाचा सेट होता. आजारपणात रावजीने तो मागून नेला होता. "मला बघत बसायला दे," म्हणाला होता, "पडून पडून छताकडं किती बघू?" ढुंढिराजने स्वतः रिक्षातून नेऊन पोचवला होता, पेठ रोडला, त्याच्या पलंगाशेजारच्या टेबलावर. जाईल तेव्हा विचारायचा, "हात लावलास का रे?" आणि रावजी पांघरुणातून हात बाहेर काढून हलवायचा, "कुठलं. हात थरथरत्यात." तो गेल्यावर त्याच्या बायकोने, चिमणाबाईंनी, सेट परत दिला. ढुंढिराज न्यायला गेला तेव्हा दारात उभ्या राहून म्हणाल्या होत्या, "साहेब, थोडंच राहिलंय म्हनत व्हते. तेवढं साहेब करतील म्हनले." त्याने मान हलवली होती. थोडंच काय, सगळंच राहिलं होतं, पण अशा वेळी बाईमाणसाला काय सांगायचं? मग वर्षभर त्याने त्या सेटला हात लावला नाही. लावला तर कोणत्या पद्धतीने लावायचा, हे ठरवावं लागलं असतं, आणि भांडायला समोर कोणी नव्हतं.

आज ठरलं. आज त्याने सेट खाली ओढला, पाठीचा पुठ्ठा काढला, सांगाडा सरकवून उलटा टाकला. बघा म्हणावं. दोन माणसं कशी असतात ते दाखवतो. एकही जुनी नळी ठेवत नाही. सगळे पिवळे बसवतो, उघडे, नागडे, माझ्या पद्धतीने, आणि फोटो काढून त्या पोरीला पाठवतो, की हा मी. आणि ज्याने हे होऊ दिलं नसतं तो रावजी. हात नेहमीच्या सवयीने डावीकडे गेला, सिरीजच्या बोर्डाकडे, जिथे बल्ब होता. आणि थांबला. दिनकर एक दिवा लावतो. त्याचे कान तापले. आपल्याच टेबलावरचा, आपल्याच हाताने जोडलेला बल्ब, आणि तो लावायची लाज वाटावी! काचेपलीकडून कोणीतरी बघतंय असं त्याला वाटलं. गेला खड्ड्यात बल्ब. नाहीतरी सगळं मेलेलंच आहे, तपासायचं काय? त्याने कटर उचलला.

पहिली नळी कट्. दुसरी कट्. मेणाने पिवळट पडलेल्या, विलायती छापाच्या, बोटाएवढ्या नळ्या. तो त्या तोडून डब्याच्या झाकणात टाकत गेला, आणि प्रत्येकीबरोबर त्याला बरं वाटत होतं, खपली काढताना वाटतं तसं. एक नळी व्हॉल्व्हच्या बुडाशी अडकली होती. ती त्याने पकडीने चिमटून ओढली. मेण तडकलं, नळीचं टोक फुटलं आणि आतून पिवळं काहीतरी डोकावलं.

पिवळं म्हणजे नवं. एवढं त्याला कळलं, पण पुढचं काही वेळ कळेना. त्याने नळी उजेडात धरली, नखाने मेण काढलं. आत एक नवा पिवळा कंडेन्सर होता, नीट मधोमध बसवलेला, दोन्हीकडे कापसाची बारीक गुंडाळी, हलू नये म्हणून. आणि त्याच्या अंगावर एक लाल ठिपका होता.

तो ठिपका त्याचा होता. बाजारातून नवे कंडेन्सर आणले की तो प्रत्येक मीटरवर तपासायचा, आणि खरा उतरला त्याला इंदिराच्या जुन्या नेलपॉलिशचा ठिपका लावायचा. दुकानदारावर त्याचा विश्वास नव्हता. कंडेन्सरवर छापलेल्या आकड्यावर तर त्याहूनही नव्हता. रावजी चिडवायचा, "कुंकू लावून बसवतोस काय रे त्यांला?" आणि याच्या डबीतले ठिपक्याचे कंडेन्सर कमी व्हायचे. त्याला वाटायचं, आपलंच मोजण्यात चुकतंय. म्हणजे रावजी आजारी पडायच्या आधीपासूनच खिशात घालून नेत होता. थरथरत्या हातांनी, पलंगाशेजारी, मेणबत्ती पेटवून, चिमणाबाईंना दार लावायला सांगून, तो एकेक नळी रिकामी करून त्यात ढुंढिराजचा कंडेन्सर भरत होता. त्याला स्वतःचेही आणता आले असते. शाळेच्या लॅबमधून लागतील तेवढे मिळाले असते. त्याने याचेच घेतले, याने तपासलेलेच. बाहेरून रावजी आणि आतून ढुंढिराज. आणि वर म्हणायचा, कुठलं, हात थरथरत्यात.

ढुंढिराजने झाकणातल्या बाकीच्या नळ्या एकेक करून फोडल्या नाहीत. एक नुसती विजेरीसमोर धरली. मेणातून पिवळसर काहीतरी दिसलं, ते पुरलं. सगळं झालेलं होतं. बल्ब लावला असता तर बल्ब मंदावला असता आणि त्याला कळलं असतं. सिरीजचा बल्ब वगळायचा नाही, हे त्याने स्वतः त्या पोरीला पहिल्याच रविवारी सांगितलं होतं, आणि आज तिने त्याला देवाचा दिवा केला म्हणून त्याने तो वगळला आणि एका माणसाचं शेवटचं काम कटरने तोडून झाकणात टाकलं. "लेका," तो मोठ्याने म्हणाला, "सांगायचंस ना! तोंड नव्हतं का तुला?" त्याचा आवाज फाटला. दार सरकलं, इंदिरा आत आली, तिने टेबलाकडे बघितलं, झाकणाकडे बघितलं, आणि पालथ्या बादलीवर बसली. तो रडत होता आणि रडताना शिव्या देत होता, रावजीला, त्रैमासिकाला, नेलपॉलिशला.

मग त्याने रेझिन काढलं, सोल्डरिंग आयर्न तापत ठेवलं. जिथून तोडल्या होत्या तिथेच एकेक नळी परत जोडली. तारा आखूड झाल्या होत्या. त्याने त्यांना जोड दिले आणि जोडावर जुन्या कापडी वायरीचं वेष्टन चढवलं, जोड दिसू नये म्हणून. हे आपण काय करतोय, ते त्याच्या लक्षात आलं, पण तो थांबला नाही. फुटलेल्या नळीसाठी इंदिराने देवघरातली मेणबत्ती आणली. त्याने थेंब थेंब ओतला, लाल ठिपका झाकला जाईपर्यंत. पुढचा कोणी उघडणार नाही, यावर त्याचा अजून विश्वास होता. तरी त्याने मेणाची कड बोटाने गोल केली, रावजी करायचा तशी.

दुपार कलली तेव्हा त्याने सेट सिरीजवर जोडला आणि बटण दाबलं. पिवळा बल्ब पेटला, अर्ध्या श्वासाएवढा वेळ, आणि मंदावला. दोघंही बोलली नाहीत. तो वास घेत होता. व्हॉल्व्हच्या आत लाल तारा उजळल्या, डायलवरची शहरं उजळली. स्पीकरमधून खरखरसुद्धा आली नाही. त्याने मीटर लावला. स्पीकरचा ट्रान्सफॉर्मर तुटलेला होता, आतली केसाएवढी तार कुठेतरी सुटलेली. बाकी काही नाही. तेवढंच राहिलं होतं. तार गुंडाळायचं काम दोघांत एकट्या ढुंढिराजला यायचं. रावजीची तार नेहमी तुटायची.

त्याने सांडलेल्या स्क्रूंमधून फोन उचलला. यशश्रीचे दोन निरोप येऊन पडले होते, सॉरी म्हणणारे. तिने वाक्यांची यादीही पाठवली होती, प्रत्येकासमोर 'ढुं.' की 'रा.' तेवढं लिहायचं होतं. त्याने यादी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, दोनदा. मग चष्मा कपाळावर सारून, एका बोटाने, चिडक्या माणसासारखा दाबून दाबून टाइप केलं: 'दिनकर आहे तसा राहू दे. पण ते दिव्याचं आधी काढ. तो सिरीजचा बल्ब आहे. शॉर्ट बघायला लावतात. पूजा वगैरे काही नाही.'

पाठवलं. रेडिओच्या पाठीमागे ग्रामोफोन जोडायला दोन भोकं असतात. त्यात वायर घातली तर फोनमधलंही वाजतं. हे त्याने आणि रावजीने एकदा करून बघितलं होतं. तो त्या भोकांकडे बघत राहिला. इंदिरा उठून चहा टाकायला गेली. बल्ब मंद जळत होता.

मग त्याने परत फोन घेतला आणि लिहिलं: 'रेकॉर्डिंग पाठव. पण आज नको. ट्रान्सफॉर्मर गुंडाळायचा आहे, आठवडा जाईल.'